आठची घंटा

हिची रात्री आठची बीपीची गोळी चुकू नये म्हणून लातूरच्या नातवाने आमच्या नांदेडच्या टीव्हीत एक ॲप बनवून घातलं. पण मालिका लावली की आठवण गप्प! दोनदा गोळी चुकली.

"आजोबा, २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून, मागे गेलेल्या ॲपची सेवा काही मिनिटांत बंद होते. चालू ठेवायची तर सूचना दाखवून हजेरी लावावी लागते."

मला शाळेतले शिपाईमामा आठवले. व्हरांड्यात डुलक्या घ्यायचे, पण तासाची घंटा कधी चुकली नाही.

"अरे, मग दिवसभर जागं कशाला ठेवतोस? आठला उठव की!"

त्याने सेवा काढून गजर लावला. आता घंटा वाजते, ही कुरकुरत गोळी घेते. माझं लक्ष मात्र पावणेआठपासून घड्याळाकडेच असतं!