मुक्काम पोस्ट मूत्राशय

मूत्राशय हा शब्द मी शाळेत पाच मार्कांपुरता पाठ केला होता. साठीनंतर डॉक्टर म्हणाले, "पिशवी वाचवायची तर रेडिएशन आणि केमो." मी ओढलेला सिगारेटचा धूर म्हणे रक्तातून गाळून लघवीत उतरे आणि पिशवीत मुक्काम ठोके. तीस वर्षं, भाडं न देता!

आठवड्याला पाच, असे किरणांचे ३२ हप्ते. शिवाय दर आठवड्याला सिस्प्लॅटिनची बाटली. रेडिएशनच्या बाकावर शेजारी प्रोस्टेटचे एक गृहस्थ असत. त्यांनी पिशवी भरून आत जायचं, मी रिकामी करून. यंत्र अडलं की ते पाय आवळून माझ्याकडे हेव्यानं पाहत. त्यांना काय सांगू? रात्री अर्ध्या-अर्ध्या तासानं जळजळत उठत होतो. दाराबाहेर ही उभी. "झाली का?" चाळीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न पहिल्यांदाच!

सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांना जड, म्हणून ही मापं घेऊन दुधाच्या वहीत मागच्या पानावर मांडी. महिनाअखेर दूधवाला चक्रावला, "काकू, एवढं दूध मी घातलंच नाही!"

परवा दुर्बीण घालून तपासलं. "स्वच्छ दिसतंय. तीन महिन्यांनी या." घरी आल्यावर पाहतो तो हिनं नवी वही काढलेली. नुसत्या दुधाची.