सामान सांभाळणारा पोरगा

पावसाळ्यातली गोष्ट. आमचा धाकटा बास्केटबॉलच्या निवड चाचणीला गेला होता. संध्याकाळी तो घरी आला तो काही न बोलता. बूट काढून त्याने खाटेखाली अगदी भिंतीपर्यंत सारले आणि तोंड फिरवून झोपून राहिला. त्याच्या आईने दोनदा हाक मारली. ताट तसेच झाकून ठेवावे लागले.

रात्री उशिरा त्याने सांगितले. चाचणीच्या ठिकाणी सगळ्या पोरांना भिंतीला उभे करून उंची घेतली. दोनदा पळवले, चार-पाच वेळा चेंडू टाकायला लावला आणि तासाभरात यादी लावली. यादीत याचे नाव नव्हते. विचारले तर उत्तर मिळाले, "उंची कमी पडते." आमचा पोरगा पाच फूट सहा इंच.

"बाबा, आता मला बूट नकोत," तो म्हणाला.

आम्ही काय बोलणार? आम्हाला या खेळातले फार कळत नाही. आमचे बिऱ्हाड भायखळ्याच्या चाळीत. जवळच नागपाडा. नागपाड्याच्या पोरांना हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. भारताचे कर्णधार झालेले अब्बास मुंतासिर याच वस्तीतले. त्यांना १९७० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यामुळे आमच्या पोराला हा नाद लागला यात नवल नव्हते. नवल इतकेच, की चार वर्षे तो खेळत होता आणि आम्ही एकदाही मैदानावर गेलो नव्हतो. कामावरून यायचे, जेवायचे, झोपायचे. रविवारी घरची कामे.

मात्र एक गोष्ट आम्ही त्याच्याबरोबर पाहिली होती. जून महिन्यात अमेरिकेत एनबीएचा ड्राफ्ट होतो. तिकडे रात्र असते तेव्हा आपल्याकडे पहाट. नळाला पाणी येण्याची आणि ड्राफ्ट सुरू होण्याची वेळ साधारण एकच. हंडे भरता भरता आम्ही मोबाईलवर ते पाहायला बसलो आणि पोराने आम्हाला समजावून सांगितले.

ड्राफ्ट म्हणजे निवड. एनबीएमध्ये तीस संघ आहेत. वर्षातून एकदा ते नवे खेळाडू निवडतात, दोन फेऱ्यांत, पाळीपाळीने. आधीच्या हंगामात जे संघ मागे पडले त्यांना आधी निवडण्याची संधी जास्त. सगळे मिळून साठच्या आसपास पोरे निवडली जातात. त्यांतही काही परदेशातली असतात. आणि अमेरिकेत पहिल्या दर्जाचे बास्केटबॉल खेळणारी कॉलेजेच साडेतीनशेच्या वर आहेत. एकेका संघात बारा-पंधरा पोरे. म्हणजे हजारोंतून मूठभर.

ही मूठभर पोरे शोधण्यासाठी प्रत्येक संघ माणसे ठेवतो. त्यांना स्काऊट म्हणतात. आपण पारखी म्हणू. कॉलेजचा हंगाम नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या काळात पारखी गावोगाव फिरतात. सामना सुरू होण्याआधीच येऊन बसतात, सराव पाहतात, वहीत टिपून ठेवतात. पुढे मे महिन्यात शिकागोला निवडक पोरांची मापे घेतली जातात. अनवाणी उंची, वजन, हात पसरले की किती लांबी भरते, उडी किती, धाव किती. डॉक्टरी तपासणी होते, मुलाखती होतात.

"म्हणजे तिकडेही भिंतीला उभे करतातच," आम्ही त्या रात्री पोराला म्हटले. तो काही बोलला नाही.

आम्ही आयुष्यभर फिटरचे काम केले. मापाला आम्ही नावे ठेवणार नाही. व्हर्नियर लावल्याशिवाय आम्ही कधी पार्ट बसवला नाही. पण मापाने बरोबर असलेले बेअरिंगही मशीन चालू झाल्यावर कधी कधी कुरकुरते. ते कुरकुरणे व्हर्नियरला कळत नाही. तिथे उभे राहून कान द्यावा लागतो. माणसाचेही तसेच असेल, असे मनात आले. म्हणून पुढचे काही दिवस आम्ही थोरल्या मुलीला घेऊन या पारख्यांची माहिती वाचू लागलो. वाचले ते आमच्यासारख्या घरांतून सांगण्याजोगे वाटले.

पहिली गोष्ट २००७ सालची. केव्हिन ड्युरंट हा टेक्सस विद्यापीठाचा खेळाडू. निवडीआधीच्या चाचणीत १८५ पौंडांचे, म्हणजे सुमारे ८४ किलोंचे वजन छातीवरून उचलायचे होते. त्याला ते एकदाही उचलता आले नाही. तो निवडला गेला दुसरा. पहिला निवडला गेला ग्रेग ओडेन, सात फुटांचा धिप्पाड गडी. पुढे ड्युरंट जगातल्या मोठ्या खेळाडूंत गणला गेला. ओडेनला गुडघ्यांनी दगा दिला. पहिला हंगाम तर त्याला खेळताच आला नाही, आणि सगळ्या कारकिर्दीत मिळून तो १०५ सामनेच खेळला. यात ओडेनचा दोष नाही आणि निवडणारेही मूर्ख नव्हते. उद्या काय होणार हे कोणत्याच फूटपट्टीवर लिहिलेले नसते, एवढेच.

दुसरी गोष्ट जास्त जुनी आणि जास्त कडू. १९५० पर्यंत एनबीएच्या संघांनी एकाही कृष्णवर्णीय खेळाडूची निवड केली नव्हती. खेळणारे नव्हते असे नाही. चांगले खेळणारे होते, पण त्यांच्याकडे पाहायचेच नाही असे ठरलेले होते. त्या वर्षी बोस्टनने दुसऱ्या फेरीत चक कूपरला घेतले. वॉशिंग्टनने नवव्या फेरीत अर्ल लॉइडला घेतले. तो वेस्ट व्हर्जिनिया स्टेट या कृष्णवर्णीयांसाठी काढलेल्या कॉलेजचा. ३१ ऑक्टोबर १९५० रोजी लॉइड मैदानात उतरला आणि एनबीएचा सामना खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. पुढे १९६४ साली न्यूयॉर्कच्या संघाने ग्रॅम्बलिंग या तशाच कॉलेजातून विलिस रीडला दुसऱ्या फेरीत निवडले. त्याच रीडच्या कर्णधारपदाखाली त्या संघाने १९७० आणि १९७३ अशी दोन अजिंक्यपदे मिळवली. गुण आधीपासून होतेच. तिथे जाऊन पाहणारे उशिरा आले. वाचकहो, हे समजावून घ्यायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही.

तिसरी गोष्ट आम्ही पोराला मुद्दाम दोनदा सांगितली.

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात हॅम्बर्ग नावाचे लहान गाव आहे. तिथे कागदाच्या गिरणीत काम करणाऱ्या एका कामगाराला बारा मुले. सर्वांत धाकटा स्कॉटी पिपेन. बापाला पक्षाघात झाला आणि घर अडचणीत आले. शाळेत पोरगा बास्केटबॉल खेळायचा, पण अंगाने किरकोळ, उंची सहा फूट एक इंचाच्या आसपास. एकाही कॉलेजने त्याला खेळाची शिष्यवृत्ती देऊ केली नाही. शेवटी शाळेच्या प्रशिक्षकांनी ओळखीतून सेंट्रल आर्कान्सा या कॉलेजचे प्रशिक्षक डॉन डायर यांच्याकडे शब्द टाकला. तिथे त्याला काम मिळाले ते संघाचे सामान सांभाळण्याचे.

सामान सांभाळता सांभाळता तो खेळत राहिला. अंगही वाढले. कॉलेज संपेपर्यंत उंची सहा फूट सात इंचांवर गेली आणि शेवटच्या वर्षी त्याची सरासरी सामन्यामागे २३.६ गुणांची झाली. पण ते कॉलेज लहान. टीव्हीवर दिसायचे नाही, मोठे संघ तिकडे फिरकायचे नाहीत.

इथे मार्टी ब्लेक यांचे नाव घ्यायला हवे. एनबीएसाठी पारख्यांचे काम पाहणारे हे गृहस्थ. आडगावच्या कॉलेजांतले खेळाडू हुडकण्यासाठी त्यांची ख्याती. त्यांनी या पोराची माहिती संघांच्या कानावर घातली. पोर्ट्‌समथ येथील स्पर्धेत पिपेन सगळ्यांच्या समोर खेळला आणि लोकांचे डोळे उघडले. १९८७ च्या ड्राफ्टमध्ये सिॲटलने त्याला पाचव्या क्रमांकावर निवडले आणि त्याच दिवशी अदलाबदलीत तो शिकागोकडे गेला. त्यानंतर मायकेल जॉर्डनबरोबर त्याने सहा अजिंक्यपदे मिळवली.

ही गोष्ट ऐकून पोरगा उठून बसला. मग त्याने विचारले, "बाबा, पण मी नाही वाढलो तर?"

प्रश्न बरोबर होता. आम्ही त्याला खोटे सांगितले नाही. म्हटले, "नसशील वाढणार. एका पिपेनमागे हजारो पोरे अशी, की ज्यांना कोणी निवडले नाही आणि ज्यांची गोष्टही कोणी लिहिली नाही. म्हणून वही-पुस्तक सोडायचे नाही. पण उंची कमी पडते म्हणजे तू कमी पडतोस, असे ज्याने ऐकले त्याने चूक ऐकले."

जिमी बटलर नावाच्या खेळाडूचीही गोष्ट मुलीने वाचून दाखवली. तेराव्या वर्षी त्याला घर सोडावे लागले. आज या मित्राकडे, उद्या त्या मित्राकडे असे दिवस काढले. आधी लहान कॉलेज, मग मार्केट विद्यापीठ, आणि २०११ साली पहिल्या फेरीत अगदी शेवटची, तिसावी निवड. निवडीआधी पत्रकार त्याची हकीगत विचारायला आला, तेव्हा त्याने विनंती केली, की लोकांना माझी कीव येईल असे काही लिहू नका. त्याची आई हे ऐकत होती. म्हणजे आमच्या पोराची आई. तिने भाकरी थापता थापता मान वर केली आणि म्हणाली, "हा पोरगा मला आवडला."

पुढच्या रविवारी आम्ही मैदानावर गेलो. कठड्यावर बसलो. पारखी जसे पाहतात तसे पाहायचे ठरवले होते. नुसता चेंडू पाहायचा नाही, चेंडू हातात नसताना पोरगा काय करतो ते पाहायचे.

तासभर पाहिले. आपल्या हातून चेंडू गेला की तो डोके धरून उभा राहत नव्हता, उलट सर्वांच्या आधी मागे पळत होता. मागून कोण येतो आहे ते साथीदाराला ओरडून सांगत होता. समोरच्या संघातला एक पोरगा पडला तर हात देऊन त्याला उठवत होता. दम लागून बाहेर बसला तेव्हा मोबाईल काढला नाही. नजर खेळावर होती, आणि आत असलेल्या एका लहान पोराला खुणेने जागा दाखवत होता.

हे सारे तो चार वर्षे करत असणार. यादी लावणाऱ्यांनी त्याला तासभर तरी पाहिले होते. आम्ही तेवढेही पाहिले नव्हते. घरी बसून आम्ही त्यांच्यावर रागावलो होतो, पण पहिला पारखी बाप असायला हवा, तोच गैरहजर होता.

परत येताना आम्ही त्याला हे सांगितले. तो लाजला, म्हणाला, "तुम्हाला दिसले ते?"

बूट खाटेखालून बाहेर आले आहेत. पुढच्या वर्षी तो पुन्हा चाचणी देणार आहे. नाव लागेल की नाही, आम्हाला ठाऊक नाही. दहावीचा अभ्यासही चालू आहे.

आपल्या घरातले पोर काही ना काही खेळत असेल, गात असेल, चित्र काढत असेल. जग त्याला मापेल तेव्हा मापेल. माय-बापांनो, तोवर एका रविवारी तासभर काढा, आणि काही न बोलता कडेला बसून त्याच्याकडे पाहा.