वाळूखालचे गोडे पाणी

पांझरेकाठच्या देवपूरकराला पाण्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, यावर आमच्याकडे धुण्याचे वार ठरतात. म्हणूनच मालवण तालुक्यातील देवबागला प्रथम गेलो, तेव्हा समुद्राइतकेच नवल वाटले ते तिथल्या विहिरीचे. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस कर्ली नदीची खाडी, मध्ये माडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी. आणि त्या वाळूत थोडेसे खणले की गोडे पाणी!

यात चमत्कार काही नाही. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने त्याच्यावर तरंगत राहते. ढोबळ हिशेब असा, की या गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या एक मीटर वर असेल, तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडे पाणी मिळावे. हाच हिशेब उलटाही चालतो. उपशाने पातळी वीतभर उतरली, तर खालचे खारे पाणी कित्येक हात वर चढते.

तीन वर्षांनी पुन्हा त्याच घरी उतरलो. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून किनाऱ्यावर निवासांची वाढ होतच आहे. मागच्या खेपेस शेजारच्या मोकळ्या जागेत चुन्याच्या रेघा आखलेल्या होत्या. आता तिथे रिसॉर्टचे दोन मजले उभे होते. वरच्या मजल्याचा गिलावा चालला होता, समुद्राकडील सज्जांना काचा बसत होत्या. काम देखणे होते, हे मान्य केले पाहिजे. पण वैद्यकी करणाऱ्याची नजर सज्जावर फार वेळ ठरत नाही. मी कुंपणाच्या कडेने चालत सांडपाण्याची टाकी आणि यजमानीणबाईंची विहीर यांतले अंतर पावलांनी मोजले. ते मला पुरेसे वाटले नाही. वाळूतून पाणी भरभर झिरपते. टाकी गळकी निघाली, तर विषमज्वर आणि कावीळ यांना फार लांबचा प्रवास करावा लागत नाही.

किनाऱ्यावरील बांधकामाचे नियम 1991 पासून आहेत. त्या वेळच्या अधिसूचनेत किनारी हॉटेलांना तळमजला आणि वर एकच मजला, 9 मीटर उंची, अशी मर्यादा होती. भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आत भूजल उपसण्यासही त्यांना मनाई होती. उंची कोणालाही रस्त्यावरून दिसते. उपसा मात्र जमिनीखाली चालतो.

यजमानीणबाई साठीच्या पुढच्या. “पाणी आता मचूळ लागता, डॉक्टर,” त्या सहज बोलून गेल्या. मग, डॉक्टर घरात आहे म्हटल्यावर, रक्तदाबही पाहून घेतला. गोळ्या वेळेवर, लोणचे-पापड बंद, तरीही वरचा आकडा 160. एका मोजणीवरून मी विहिरीला दोष देणार नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मिठाची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमहून कमी आहे, आणि बांगलादेशाच्या किनारपट्टीवर खारट पिण्याचे पाणी व गरोदरपणातील वाढता रक्तदाब यांचा संबंध अभ्यासांत दिसलेला आहे. पाणी उकळून मीठ जात नाही, उलट पाणी आटेल तसे दाटते, हे त्यांना ठाऊक नव्हते. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी दुसरीकडून पाणी आणा, विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि महिनाभराने रक्तदाब पुन्हा मोजा, असे मी सांगितले. सूनबाईंनी ते वहीत लिहून घेतले.

निघण्याच्या सकाळी शेजारी पोहण्याच्या तलावाचा खड्डा पूर्ण होत आला होता. दिवाळीच्या आत भरायचा आहे, मुकादम उत्साहाने म्हणाला. पाणी कुठून आणणार, असे विचारल्यावर त्याने माडाखाली नुकत्याच उभ्या केलेल्या बोअरच्या निळ्या पाइपाकडे बोट दाखवले. यजमानीणबाईंची विहीर तिथून वीसेक पावलांवर होती.