आधी उतरणं, मग चढणं

मंगळवार, १ जुलै २०२५, इंदूर
सभागृहातला मल्लखांबाचा दोर आज खाली उतरवला. सुती दोर पावसाळ्यात हवेतली ओल पितो, जड होतो, कडक होतो. पूर्ण लांबीवरून मूठ फिरवली, मध्येमध्ये पीळ उकलून आत पाहिलं. बाहेरून दोर धडधाकट दिसतो आणि आतले धागे कुजलेले असतात. कडीशी घासणारा वरचा हातभर भाग सगळ्यात आधी झिजतो, आणि नेमका तिथेच कुणी शिडी लावून बघत नाही. वेल्डरकाकांना बोलावून गर्डर आणि हूक दाखवला. मग मी स्वतः लटकून गदगदा हलवून पाहिलं. खाली जाड गाद्या टाकल्या, दोन गाद्यांमध्ये फट राहू दिली नाही. घोटे मुरगळतात ते त्या फटीत.

शुक्रवार, ४ जुलै
सहावीचा पहिला तास. मुलं थेट दोराकडे धावली. "मॅडम, ऊपर तक जाऊँ?" वर्गातली निम्मी मुलं मराठी घरांतली, पण मैदानावर सगळे हिंदीच बोलतात.
आधी डबा फिरवला. घड्याळं, अंगठ्या, कडी, बांगड्या, साखळ्या सगळं त्यात. नखं पाहिली, वेण्या वर बांधायला लावल्या, हात कोरडे पुसून घेतले. एका मुलीच्या गळ्यात काळा दोरा होता. "आईनं सांगितलंय, काढायचा नाही." शाळा सुटताना तिची आई भेटली. "नजरेचा आहे हो बाई." म्हटलं, "ताई, श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण दोर अंगाशी घासत जातो. गळ्यातलं काही त्यात अडकलं तर मला सोडवायला क्षणही मिळणार नाही." तासापुरता दोरा दप्तरात ठेवायचं ठरलं. दोराचं लोंबतं टोक गळ्याभोवती घ्यायचं नाही, कमरेला बांधायचं नाही, दोराला गाठ मारायची नाही, हेही आजच सांगून टाकलं. स्पर्धेतला खेळाडूसुद्धा दोराला गाठ न मारताच सगळे प्रकार करतो.

गुरुवार, १० जुलै
गुरुपौर्णिमा. मुलांना बाळंभटदादा देवधरांची गोष्ट सांगितली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्यांनी मल्लखांबाला पुन्हा उभं केलं. पूर्वी दोराच्या जागी वेत टांगायचे. चांगला वेत मिळेनासा झाला आणि सुती दोर आला. मल्लखांबाची पहिली स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा १९८१ मध्ये उज्जैनला झाली, म्हणजे आपल्या शेजारीच. २०१३ पासून हा मध्य प्रदेशाचा राज्यखेळ आहे, आणि उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. दादरच्या उदय देशपांड्यांनी दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकवला, हे ऐकल्यावर एका मुलानं विचारलं, "त्यांना दोर दिसतच नाही, मग?" त्याला डोळे मिटून दोर धरायला लावला. हात कुठे आहे, पाय कुठे आहे, हे डोळ्यांआधी कातडीला कळतं. ते त्याला तिथल्या तिथे पटलं.

बुधवार, १६ जुलै
आज उतरायला शिकवलं. चढवलं नाहीच. मुलाला मीच धरून माझ्या कमरेइतक्या उंचीवर दोराला लावायचं. तो पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात दोर पकडतो, आणि हाताखाली हात घेत जमिनीवर येतो. घसरायचं नाही. घसरलं की तळहात भाजतो, वेदनेनं मूठ सुटते, आणि मग मूल पडतं. अपघाताचा क्रम बहुतेक असाच असतो. चढताना मुलाला उत्साह असतो. वर गेल्यावर हात थकतात आणि खाली पाहिलं की पोटात गोळा येतो. त्या वेळी उतरण्याची सवय अंगात मुरलेली असली पाहिजे, तिथे सूचना उपयोगी पडत नाहीत.
अंगठ्याची बेचकी पहिले काही दिवस चांगलीच दुखते. कातडी लाल झाली की त्या मुलाला त्या दिवशी पुन्हा दोर नाही, कितीही हट्ट केला तरी.

मंगळवार, २२ जुलै
वर्गात चाळीसेक मुलं आणि दोर एक. एका वेळी दोरावर एकच मूल, मी गादीच्या कडेला, आणि माझी नजर दुसरीकडे नाही. बाकीच्यांचं काय? रिकामी मुलं गादीवर येतात, दोराचं टोक ओढतात, झोका देतात. म्हणून दुसऱ्या टोकाला सहकारी सरांनी दोरीउड्या लावल्या. दोरीच्या मध्यावर उभं राहून मुठी काखेपर्यंत आल्या की दोरी मापाची. दोन्ही हात पसरले तरी शेजाऱ्याला लागणार नाही एवढं अंतर. उड्या चवड्यांवर, गुडघे सैल. इथे पायात बूट हवेत, दोरावर मात्र अनवाणी. दोन्हीकडचे नियम वेगळे, म्हणून गट बदलायला पाच मिनिटं जास्तच ठेवायची.

बुधवार, ३० जुलै
आज ऑफिसात विचारणा झाली, "पंधरा ऑगस्टला दोरावर काहीतरी दाखवाल ना? उलटं लटकलेलं वगैरे?" नाही म्हटलं. दोराला माझ्या डोक्याइतक्या उंचीवर लाल फीत बांधली आहे. ज्यांना जमतं ती मुलं फितीपर्यंत चढतील, थोडी थांबतील, हाताखाली हात घेत उतरतील. टाळ्या उतरल्यावर वाजवायच्या. वर असताना आरडाओरडा झाला की मूल एक हात जास्त चढतं. ज्याला चढायचं नाही त्याच्यावर सक्ती नाही. तो गादी सरळ करेल, दोरी मोजून देईल.
दोर टांगण्याचा विचार करणाऱ्या शाळांना एवढंच सांगणं: भार पेलणारा गर्डर, फट नसलेली गादी आणि मल्लखांब शिकलेला शिक्षक, या तिन्हींतलं एकही कमी असेल तर या वर्षी दोरीउड्याच शिकवा. दोर पुढच्या वर्षीही टांगता येईल.