वडशाचा म्युझिक लेसन

व्हर्मिअरचं 'द म्युझिक लेसन' तुम्ही पाहिलंच असेल, निदान कुणाच्या तरी डेस्कटॉपवर. १६६०च्या दशकातलं डच घर, खिडकीतून येणारं ऊन, व्हर्जिनल हे हार्प्सिकॉर्डच्या कुळातलं वाद्य वाजवणारी पाठमोरी मुलगी आणि शेजारी उभा एक गृहस्थ. तो मास्तर की प्रियकर, यावर जाणकार अजून भांडतायत. खरी गंमत आरशात आहे. मुलगी सरळ समोर बघतेय असं वाटतं, पण भिंतीवरच्या आरशात तिची मान हळूच त्याच्याकडे वळलेली!

हे चित्र मला आठवलं ते गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात. कागदोपत्री देसाईगंज, पण स्टेशन वडसाच. झाडीपट्टी रंगभूमीची ही राजधानी. दिवाळी झाली, धान घरात आलं की मेन रोडवर नाटक कंपन्यांचे बोर्ड झळकतात आणि होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटकं रंगतात. २०२३मध्ये परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे आपल्याकडे अनेकांना हे नाव कळलं.

ऑफिसातल्या मित्राचे काका इथे ऑर्गन वाजवतात. दुपारी त्यांच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, लेसन चालू होता. चित्राच्या अगदी उलट: मास्तर पेटीवर, मुलगी उभी. खिळ्याला दाढीचा आरसा. काकांची धाकटी, रात्री तिचा पहिला प्रयोग. एकाच ओळीवर चौथ्यांदा घसरली.

"पुन्हा घे, माय. प्रॉम्प्टर तुले बोलनं सांगंल, सूर नाही सांगनार."

मस्करी नव्हती ती. झाडीपट्टीत तालमींना वेळ थोडा. आज हे गाव, उद्या ते. संवाद विसरला तर प्रॉम्प्टर आहे, गाणं मात्र घरीच पक्कं व्हावं लागतं. शिवाय एकेकाळी इथे बायकांची कामं पुरुष करायचे, पुढे नायिका नागपूरहून यायला लागल्या. आपल्याच घरातली पोर स्टेजवर जाणार, यावरून दोन दिवस धुसफूस चाललेली. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्याच नाहीत. आरशात मला दिसलं, पोरीची नजर काकांकडे नव्हती, त्या दाराकडे होती.

रात्री पडदा उघडला. कडाक्याची थंडी, लोक चादरी गुंडाळून बसलेले. काका स्टेजच्या पुढ्यात, मान खाली घालून ऑर्गनवर. त्या ओळीपाशी ती किंचित थांबली. मग घेतली. बायकांच्या बाजूला काकू होत्या, तोंडावर पदर धरून.

जाणार असाल तर जानेवारीत जा. नागपूरहून रस्त्याने, नाहीतर गोंदिया-बल्लारशा लाइनवरून. आणि हो, शाल विसरू नका.