पालथी बादली

साठीचा माणूस खेळाडूंचाच गणवेश घालून, पाठीवर नंबर लावून, चेंडूंच्या पालथ्या बादलीवर बसलेला पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आलं होतं. सांगलीत आमचे क्रिकेटचे सर टोपी आणि शिट्टी एवढ्यावर भागवायचे. बेसबॉलमध्ये मात्र कोचही गणवेशातच असतो आणि त्यात कुणाला काही गमतीचं वाटत नाही.

2017 साली ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवायला लागलो होतो. वर्गातला एक पोरगा डावखुरा पिचर होता. एकदा पेपर परत घेताना म्हणाला, "आमच्याकडे एक यंत्र आलंय. चेंडूचा वेग, फिरकी, सगळं मोजतं. पण ते आकडे वाचणारं कुणी नाही. तुम्ही याल?" मी गेलो, आणि पुढची तीन वर्षं जातच राहिलो.

आमचं कॉलेज डिव्हिजन थ्रीमधलं. या गटात खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. पोरं फी भरून शिकतात आणि हंगामात चाळीसेक सामने खेळतात. पाऊस आला की तीच धावत जाऊन मैदानावर ताडपत्री ओढतात. इथे कोचचा एक नियम होता. सरावानंतर दंताळं घेऊन माउंडची, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्याची, माती सारखी करायची ती शेवटच्या वर्षाच्या मुलांनी. बादल्या, जाळ्या, बॅटींच्या पिशव्या उचलायच्या त्याही त्यांनीच. नव्या पोरांनी बघायचं. शाळेत दोन वर्षं मोठ्या मुलांची किटबॅग खांद्यावरून वाहिलेल्या मला हे पचायला वेळ लागला. खरं सांगायचं तर थोडा रागच आला. माझी दोन वर्षं कुणी परत देणार नव्हतं.

2018 च्या एप्रिलमध्ये त्या डावखुऱ्याची लय गेली. मी रात्र जागून त्याच्या सगळ्या चेंडूंचा तीन पानी अहवाल केला. वेगवान चेंडूला उलटी फिरकी चांगली मिळाली, तर तो फलंदाजाच्या अंदाजापेक्षा कमी खाली येतो आणि बॅट त्याच्या खालून जाते. याची ती फिरकी कमी झाली होती, चेंडू सुटण्याची जागा खाली आली होती, पाऊल आडवं पडत होतं. सगळं तक्त्यांसकट लिहून मोठ्या अभिमानानं त्याच्या हातात दिलं.

शनिवारी त्यानं एकाच इनिंगमध्ये चौघांना फुकट पहिला बेस दिला. प्रत्येक चेंडूआधी तो स्वतःच्या पायाकडे बघायचा, मग हाताकडे, मग आभाळाकडे. एका इनिंगमध्ये कोच दुसऱ्यांदा माउंडवर गेला तर पिचर बदलावाच लागतो. पहिली फेरी मात्र मारता येते, पोराला जरा दम घेऊ देता येतो. आमचे कोच ती फेरीसुद्धा मारायला उठले नाहीत. सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकत डगआउटमध्ये बसून राहिले. सामना गेला.

आता मला बोलणी बसणार असं वाटलं. ते एवढंच म्हणाले, "प्रोफेसर, कागद वाचला तुझा. चांगला आहे. पण तिथे उभं राहून त्यातलं काय काय आठवायचं त्यानं?"

सोमवारी मला दुसरी पालथी बादली मिळाली. यंत्राचा पडदा माझ्याकडे वळवलेला. पिचरनं चेंडू टाकायचा, तो कसा सुटला ते आधी त्यानं सांगायचं, मगच मी आकडा वाचायचा. त्याहून जास्त एक शब्दही नाही. पहिल्या दिवशी त्याचं सांगणं आणि माझा आकडा यांची गाठच पडेना. हळूहळू पडायला लागली. तिसऱ्या आठवड्यात एक चेंडू टाकून तो थांबला आणि म्हणाला, "दमलो की माझा हात खाली येतो." तीन आठवडे! माझ्या कागदावर हे पहिल्याच पानावर, दुसऱ्या ओळीत होतं. मी कोचकडे पाहिलं. ते मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

एकदा बसमध्ये मी त्यांना आचरेकर सरांची गोष्ट सांगितली. स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं. जो सचिनला बाद करील त्याला ते मिळणार, कुणालाच जमलं नाही तर सचिनचं. तशी तेरा नाणी सचिननं जपून ठेवली आहेत. मराठी माणूस ही गोष्ट सांगतो तेव्हा ऐकणारा भारावतो असा माझा अनुभव. कोचनी विचारलं, "आणि बाकीची नाणी कुणाकुणाकडे गेली?" मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. त्यांना पडणं साहजिक होतं. पस्तीस पोरांतलं एकही व्यावसायिक खेळाडू होणार नाही, हे त्यांना आणि पोरांनाही माहीत होतं.

अशाच एका प्रवासात त्यांनी दिग्दर्शक रिचर्ड लिंकलेटरनं केलेला ऑगी गॅरिडोवरचा माहितीपट पोरांना दाखवला. लिंकलेटर स्वतः कॉलेजात बेसबॉल खेळलेला, आणि गॅरिडो म्हणजे फुलर्टन आणि टेक्सास या विद्यापीठांत मिळून पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेला कोच. त्याच्या शिव्यांवर पोरं खूश. आमचे कोच म्हणाले, "अपयशाबद्दल तो बोलतो ते ऐका. शिव्या तुम्हाला येतातच." दहांतल्या सात वेळा फसणाराही इथे चांगला फलंदाज ठरतो, तेव्हा ऐकण्याजोगं बरंच होतं.

त्यांचं सगळंच मला पटायचं असं नाही. 2019 मध्ये कर्णधार शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी, होता. पोरगा गुणी, पण पाय मंदावलेले. पहिल्या वर्षाचा एक मुलगा त्याच्याहून सरस होता. माझे आकडे सांगत होते आणि कोचना डोळ्यांनीही दिसत होतं. तरी त्यांनी कर्णधाराला शेवटपर्यंत खेळवलं. चार वर्षं संघात काढून आता बादल्या उचलणाऱ्या पोराला बसवायचं कसं, हा त्यांचा हिशेब. हंगाम संपताच नवा मुलगा दुसऱ्या कॉलेजात निघून गेला. त्याची चार वर्षं कोणत्या हिशेबात धरायची, असं मी विचारलं. उत्तर मिळालं नाही. मला अजूनही वाटतं, ते चुकले.

मार्च 2020 मध्ये आम्ही फ्लोरिडात खेळत होतो. 12 तारखेला कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएएनं स्पर्धा रद्द केल्या. डावखुरा तेव्हा शेवटच्या वर्षाला होता. खेळाडूंना वर्ष वाढवून मिळालं, पण त्याला नोकरी लागली होती, आणि फुकट शिकवणारं आमचं कॉलेज नव्हतं. ओहायोपर्यंतच्या बसमध्ये कुणी फारसं बोललं नाही. कोच सगळ्यांत पुढे, गणवेशातच.

शनिवारी सकाळी मैदानावर गेलो तर डावखुरा बुलपेनमध्ये कॅचरबरोबर चेंडू टाकत होता. थंडी मरणाची. यंत्र पेटीतच होतं. मी बादली पालथी घालून बसलो. वीसेक चेंडू झाल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"काही?"

"काही नाही."

त्यानं हातमोजा काढून कुंपणाला अडकवला, कोपऱ्यातलं दंताळं घेतलं आणि माउंडवरचे स्वतःच्या पावलांचे खड्डे बुजवायला लागला.