लहान पावलांनी शिवनेरी

रविवार, रात्र

शिवनेरीच्या पायरीमार्गावर सात दरवाजे आहेत. मोठी माणसं ते भराभर ओलांडून जन्मस्थानाकडे जातात. आमच्या अडीच वर्षांच्या लेकीला मात्र प्रत्येक दरवाजा म्हणजे मुक्काम. उंबऱ्याशी बसायचं, गार दगडाला गाल लावायचा, मुंगळ्यामागे चढलेल्या पायऱ्या पुन्हा उतरायच्या. तिच्या चालीनं चालल्यामुळे आज मला गड पहिल्यांदा नीट दिसला. पायऱ्या तिच्या गुडघ्याच्याही वर येतात. हात टेकून, पोट घासत ती चढते आणि वर पोचली की मागे वळून बघते.

१६३० मध्ये शिवराय इथं जन्मले. बखरी, पोवाडे पराक्रमाचे. पण याच गडावर एक मूल जिजाऊंचं बोट धरून चालायला शिकलं असेल, धडपडलं असेल. शिवाई देवीच्या देवळापाशी हे मनात आलं आणि डोळे भरून आले.

जुन्नर-आंबेगाव हा बिबट्यांचा मुलूख. उसातही त्यांचा वावर. जवळच माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्र आहे. म्हणून ऊन कलायच्या आत खाली यायचं आणि मूल कायम दोघा मोठ्यांच्या मधे. यात सूट नाही.

आता तिला भीमाशंकरच्या जंगलात शेकरू दाखवायचं आहे. पावसाळ्यात तिथली वाट निसरडी, धुकंही दाट, थंडीत जाऊ. उंच फांद्यांवरची काटक्या-पानांची घरटी शोधायला तिच्याइतका सवडीचा सोबती कुठला मिळणार?